निएवेसचा कागदी नवरा

निएवेस पेद्रोसो हवानात घरांची दलाली करायची, असं मी लिहिणार होतो. पण कालच सकाळी ती मला प्रादोच्या झाडीच्या रस्त्यावर एका नवख्या जोडप्याला दंडाला धरून नेताना दिसली. तेव्हा 'करते' हेच खरं. वय एकोणसत्तर, उंची साडेचार फूट, पायात पुरुषी चपला आणि आवाज असा, की समोरच्या फुटपाथवर बसलेल्या माणसालाही वाटावं, आपलंच घर विकायला काढलंय.

मी आर्सेनिओ. नगरपालिकेच्या कचेरीत पस्तीस वर्षं नकाशे काढले. घर बदलायचं असो, तोडायचं असो, भावाभावात वाटायचं असो, आधी मोजमाप लागतं, आणि ते करायला टेप घेऊन मी जायचो. निएवेस मला 'इंजिनिअर' म्हणते. मी इंजिनिअर नाही हे तिला चांगलं माहीत आहे. पण गिऱ्हाइकासमोर 'नकाशेवाला' म्हटलं तर घराचा भाव पडतो, असं तिचं म्हणणं.

आम्ही दोघं एकाच चाळीतले, सान लासारो रस्त्याच्या मागच्या. बावीस खोल्या, एक नळ. तिची खोली खालच्या मजल्यावर, माझी बरोबर तिच्यावर. तरुणपणी ती मासेमारी खात्यात टेलिफोन जोडून द्यायच्या कामाला होती. खात्याला मासे कधी फारसे सापडले नाहीत, पण निएवेसला दिवसभर कानाला लावलेल्या त्या यंत्रातून अख्ख्या शहराची रडगाणी सापडली. कोणाचा घटस्फोट झालाय पण दोघं एकाच पलंगावर झोपतात, कोणाची सासू गावाहून आली ती जायचं नाव घेत नाही, कोणाला चार खोल्या झाडवत नाहीत आणि कोणाची पाच पोरं पोटमाळ्यावर आडवी. एक दिवस तिने चार खोल्यावालीचा फोन परस्पर पाच पोरंवाल्याला जोडून दिला. धंदा सुरू झाला.

त्या काळात आमच्याकडे घर विकायला बंदी होती. घर तुमचं, कागद तुमचा, गळकं छप्परही तुमचंच. पण विकलंत तर गुन्हा. बदललंत तर चालेल. त्यामुळे सगळं शहर अदलाबदल करत होतं. दर शनिवारी प्रादोवरच्या झाडांखाली, संगमरवरी बाकांवर लोक गळ्यात पुठ्ठे अडकवून बसायचे. 'दोन खोल्या आणि गच्ची देणे, तळमजला घेणे.' 'एक मोठं देणे, दोन लहान घेणे, लवकर, बायको सुरी घेऊन बसली आहे.' या गर्दीत निएवेसला पुठ्ठा लागत नसे. सगळं डोक्यात.

एकोणनव्वद साली तिने पाच घरांची साखळी जुळवली. एकाच दिवशी पाचही कुटुंबांनी हलायचं, पहिला दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे, असं शेवटपर्यंत. एक कडी अडकली की चार संसार रस्त्यावर. दोन ट्रक आणले होते, तेही मासेमारी खात्याचे, त्यामुळे सगळ्यांच्या गाद्यांना पुढे वर्षभर बांगड्याचा वास येत होता. दुपारी दोन वाजता तिसऱ्या घरातला म्हातारा संडासात जाऊन बसला आणि आतून कडी लावली.

"मी इथेच जन्मलो, इथेच मरणार," तो आतून ओरडला.

"संडासात जन्मलात?" निएवेसने विचारलं.

"घरात!"

"मग घरात मरा ना. संडासात कशाला मरताय? माणसं काय म्हणतील?"

तो ऐकेना. बाहेर दुसऱ्या घराची म्हातारी पलंगासकट फुटपाथवर. निएवेस संडासाच्या दाराशी बसली, चपला काढल्या आणि हळूच म्हणाली, "बरं. तुमच्या नव्या घराशेजारी एक विधवा राहते, तिला मी सांगून टाकते, की हा माणूस येत नाही. बिचारीने तुमच्यासाठी फ्लान, अंड्या-दुधाचं गोड, करून ठेवलं होतं."

मग आतून आवाज आला, "वय काय तिचं?"

"बाईचं वय विचारणाऱ्यातले तुम्ही वाटला नव्हतात."

कडी निघाली. विधवा ऐंशीची होती. तीन महिन्यांनी तो म्हातारा प्रादोवर निएवेसला शोधत आला, तेव्हा आम्हाला वाटलं, हिला मारायला आला. त्याने पिशवीतून एक जिवंत कोंबडी काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि चालू लागला.

पुढे नियम कडक झाले तशी माणसं नरम झाली. अदलाबदल 'बरोबरीची' हवी, असं घरखातं म्हणू लागलं. लहान घर देऊन मोठं घेतलंत तर आतून पैसे दिले असणार, म्हणून अर्ज नामंजूर. पैसे अर्थातच दिलेले असायचे. तर यावर लोकांनी लग्नाचा तोडगा काढला. घर विकता येत नाही ना? मग घरवाल्याशी लग्न करा. तीन महिन्यांनी घटस्फोट घ्या आणि वाटणीत घर घ्या. निएवेसने अशी किती लग्नं लावली याला मोजदाद नाही. आमच्या भागातला पाद्री एकदा मला म्हणाला, या बाईने माझ्यापेक्षा जास्त लग्नं लावलीत. मी म्हटलं, मोडलीही जास्त आहेत, फादर, पण वेळेवर आणि भांडण न करता.

अठ्ठ्याण्णव साली तिच्याकडे एलिसेओ काबाल्येरो आला. नगरपालिकेच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा. ट्यूबा म्हणजे तो पितळेचा अजस्र भोंगा, जो माणसाने वाजवलाय की जहाजाने हे कळत नाही. लुयानो भागात त्याच्या दोन खोल्या होत्या. वेदादोतली एक बाई तिचा तीन खोल्यांचा तळमजला द्यायला तयार होती, तिला लुयानोत बहिणीजवळ जायचं होतं. पण घरखात्यातल्या बाबूने अडवलं.

"एकटा माणूस, तीन खोल्या कशाला?"

"मी ट्यूबा वाजवतो," एलिसेओ म्हणाला.

"ट्यूबाला वेगळी खोली लागते?"

"कॉम्रेड, तुम्ही ट्यूबा जवळून ऐकलाय का?"

बाबू म्हणाला, कुटुंब दाखवा, मग बघू. निएवेसने कुटुंब शोधलं. खाटकाच्या दुकानातली एक पोरगी, ठरलेली रक्कम घेऊन सही करायला राजी. लग्नाच्या सकाळी ती पोरगी एका इटालियन माणसाबरोबर वाराडेरोला पळाली. सरकारी लग्नमहालाच्या दारात एलिसेओ बँडच्या गणवेशात घाम पुसत उभा. साक्षीदार मी. पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळणार, आणि वेदादोची बाई शुक्रवारपर्यंतच थांबणार.

निएवेसने घड्याळ पाहिलं, शिवी घातली आणि आत जाऊन ओळखपत्र काढून टेबलावर आपटलं.

"हे लग्न तुम्ही स्वेच्छेने करता आहात का?" अधिकारी बाईने विचारलं.

"माझ्या नाही तर काय तुमच्या इच्छेने?"

तेव्हा नवदांपत्याला सरकारकडून केक आणि बिअरच्या पेट्या स्वस्तात मिळायच्या. पेट्या तीन होत्या. निएवेसने दोन तिथेच महालाच्या पायऱ्यांवर विकल्या, तिसरी आम्ही तिघांनी प्रादोच्या बाकावर बसून संपवली. एलिसेओने तिला केकचा गुलाबी गुलाब दिला. ती म्हणाली, "जास्त जवळ येऊ नकोस, हा धंदा आहे." तीन महिन्यांत तो वेदादोला राहायला गेला. घटस्फोटाच्या कागदावर दोघांनी सह्या केल्या आणि वकिलाला रमची बाटली दिली. वकिलाने बाटली घेतली, कागद खणात टाकला, आणि पुढच्याच महिन्यात होडीतून फ्लोरिडाला गेला. बाटली घेऊन गेला असावा. कागद मात्र खणातच राहिला. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग दोन हजार अकरा साली घर विकायला परवानगी मिळाली आणि निएवेसच्या तीस वर्षांच्या करामती एका रात्रीत कायदेशीर, म्हणजेच बेचव झाल्या. लग्नं थांबली. पैसे उघड आले. तरी तिचे दिवस बरे होते. मायामीतले मामा, माद्रिदमधल्या आत्या पैसे पाठवत होत्या, आणि जिथे कोणी कुत्रं बांधलं नसतं अशा जागा लोक आनंदाने घेत होते. निएवेसची भाषाही बदलली. गळतीला ती 'थंडावा' म्हणायची. खिडकी नसली की 'एकांत'. वर ढोल वाजवणारा शेजारी असला की 'सांस्कृतिक वस्ती'.

ते दिवस सरले. कानाला फोन लावलेली पोरं आली, घरांचे फोटो फोनवर टाकू लागली, फोटोत खोल्या अशा रुंद दिसायच्या की मोजायला गेल्यावर मलाच टेप खोटा वाटायचा. आणि मग महामारीनंतर सगळं शहरच देश सोडून निघालं. कोणी निकाराग्वामार्गे अमेरिकेला, कोणी स्पॅनिश आजोबांचा जन्मदाखला शोधून स्पेनला. प्रादोवर विकणारे शंभर, घेणारा एक, आणि तोही वेळ घालवायला आलेला. घरं भांड्याकुंड्यांसकट, फ्रिजसकट, फ्रिजमधल्या भातासकट विकायला निघाली. एकाने कुत्र्यासकट काढलं होतं. निएवेस म्हणाली, कुत्रं वेगळं विक, त्याला जास्त येतील.

तेवीसच्या एप्रिलमध्ये एलिसेओ तिच्या दारात उभा राहिला. चौऱ्याहत्तरचा झाला होता, पोट ट्यूबाच्याच आकाराचं. पहिल्या बायकोपासूनची त्याची मुलगी स्पेनमध्ये सारागोसाला होती, ती बोलावत होती.

"घर विकायचंय," तो म्हणाला.

"सगळ्यांनाच विकायचंय. मलाही तुझं पोट विकायचंय. कोण घेणार?"

पण तिने घेतलं काम हातात, आणि सहा आठवड्यांत गिऱ्हाईकही आणलं. यामिर्का नावाची पस्तिशीची बाई. पीठ, तेल आणि पनामाहून आणलेल्या चपला विकायची, आणि तिला रस्त्याला लागून दुकानाची जागा हवी होती. चोवीस हजार डॉलर ठरले. चार वर्षांपूर्वी त्याच घराला साठ हजार आले असते हे कोणी बोललं नाही. अशा वेळी ते बोलणं म्हणजे मयताच्या घरी जेवणाची चौकशी करण्यासारखं.

नोटरीच्या कचेरीत आम्ही चौघं गेलो त्या दिवशी वीज नव्हती. नोटरी बासुल्तोबाई एका फाइलने वारा घेत दुसरी फाइल वाचत होत्या.

"श्रीयुत काबाल्येरो, तुमच्या पत्नी आल्यात का?"

"मला पत्नी नाही."

"आहे."

"वारली की हो, ब्याण्णव साली."

"ती वेगळी. ही दुसरी." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. "निएवेस मार्गारिता पेद्रोसो लेआल. घटस्फोटाची नोंद नाही. घर लग्नानंतर मिळालंय, म्हणजे अर्धं त्यांचं. त्यांची सही लागेल."

बाहेर कोणीतरी पाव विकत चाललं होतं त्याची आरोळी तेवढी आली. यामिर्काने निएवेसकडे बघितलं, मग एलिसेओकडे.

"हे काय? तुमच्या दलालीत नवराही येतो का?"

निएवेसचा चेहरा मी चाळीस वर्षं बघत आलोय. त्यावर मी पहिल्यांदाच काहीही नाही असं पाहिलं.

"पंचवीस वर्षं," बासुल्तोबाई म्हणाल्या. "रौप्यमहोत्सव. अभिनंदन."

एलिसेओ फुटपाथवर आल्याआल्या फुटला. "हे तूच केलंस! मुद्दाम! पंचवीस वर्षं दबा धरून बसलीस!"

"दबा धरायचा असता तर मी समुद्राकाठचं घर असलेला नवरा धरला असता," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीचा दम नव्हता. घरापर्यंत ती चालत आली. मी मागे.

चाळीत बातमी आमच्या आधी पोचली होती. बावीस खोल्यांची तेवीस मतं. अर्धं घे. सगळं घे. माफ कर, पुण्य लागेल. पुण्याचं मत देणारीने स्वतः सख्ख्या बहिणीला खोलीतून हुसकावलं होतं. निएवेसने सगळ्यांना कॉफी पाजली, रेशनची, भाजलेले वाटाणे दळून घातलेली, आणि एकेकाला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुटकेस घेऊन वेदादोला गेली. मी उचलायला होतो. एलिसेओने दार अर्धं उघडलं.

"काय आहे?"

"मी तुझी बायको. बायको नवऱ्याच्या घरी राहते."

"मी आत घेणार नाही. चावी देणार नाही."

"चावी माझ्याकडे आहे. घर दाखवायला तूच दिलीस." आणि ती त्याच्या हाताखालून आत गेली. साडेचार फुटांचा हा फायदा.

ती तिथे अकरा आठवडे राहिली, कारण घटस्फोटाला मुद्रांक लागतात आणि बासुल्तोबाईंच्या कचेरीत मुद्रांक संपले होते. मुद्रांक आले तेव्हा शाई नव्हती. पहिले दोन आठवडे एलिसेओ तिच्याशी ट्यूबातूनच बोलला. पहाटे सहाला, तिच्या खोलीच्या दाराशी तोंड करून. तिने पोर्चवरून रस्त्यातल्या माणसांना बोलावून घर दाखवायला सुरुवात केली, बँडसकट. तेव्हा तो थांबला.

तिसऱ्या आठवड्यात मी गेलो तर दोघं टेबलावर काळा घेवडा निवडत बसले होते.

"ही घोरते," एलिसेओ मला म्हणाला.

"पंचवीस वर्षांत तक्रार नव्हती," निएवेस म्हणाली.

"घेवड्यात जिरं घालते. कोणी घालतं का एवढं जिरं?"

"याच्या तोंडाची चव भोंग्यात गेली आहे, इंजिनिअर. पितळ चाटून चाटून."

वीज जायची तेव्हा दोघं पोर्चमध्ये झुलत्या खुर्च्यांवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायचे. तिच्यामुळे त्याला कळलं, की समोरच्या इमारतीत कोणी कोणाशी किती महिन्यांसाठी लग्न केलं होतं. तो असा हसायचा, की खुर्ची कुरकुरायची. यात प्रेम वगैरे शोधू नका. मी शोधलं होतं, एकदा सरळ विचारलंही. निएवेस म्हणाली, "अरे वेड्या, तो पायाची नखं जेवणाच्या टेबलावर कापतो." पण थोड्या वेळाने, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना, ती म्हणाली, "दोनशे घरं झाली असतील माझ्या हातून. जास्तच. कुठल्या भिंतीत ओल आहे, कुठला नळ रडतो, सगळं सांगता येईल. पण सकाळचं ऊन कुठल्या खोलीत कधी येतं ते एकाही घराचं माहीत नव्हतं मला. आपण दुपारी जायचो ना रे दाखवायला. सगळी घरं मला दुपारचीच माहीत."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने ओल्या चादरीचं टोक माझ्या अंगावर झटकलं. "बघतोस काय? धर ते टोक."

तिकडे यामिर्का दर आठवड्याला फोन करायची आणि दर फोनला हजार उतरवायची. तेवीस. बावीस. एलिसेओला झोप लागेना. सारागोसाचं तिकीट काढलेलं होतं, मुलगी रोज रडत होती आणि दुसरं गिऱ्हाईक शोधून सापडत नव्हतं. एका दुपारी तो निएवेससमोर बसला आणि म्हणाला, "काय घ्यायचं ते घे. अर्धं घे. फक्त मला जाऊ दे." आणि हा एवढा मोठा माणूस घेवड्याच्या ताटलीवर रडला.

निएवेस वितळणाऱ्यातली नाही. तिने त्याच्यापुढे फडकं सरकवलं, आणि मला निरोप पाठवला, की टेप घेऊन ये, उद्या नऊ वाजता, यामिर्कालाही बोलावलंय.

सकाळी आम्ही चौघं घरात उभे. निएवेस यामिर्काला म्हणाली, "पोरी, तुला काय पाहिजे? पोर्च, समोरची खोली, मधली खोली. दुकान आणि गोदाम. मागच्या खोलीत तू काय करणार? मागे ना रस्ता, ना गिऱ्हाईक. छपराला गळती आहे, हो, आहे गळती, मी सांगते. मोलकरणीचं न्हाणीघर आहे, पंधरा वर्षं बंद. ती सगळी कटकट मी घेते. तू पुढचं घे. एकोणीस हजार, आणि ते सगळे याचे."

"सगळे त्याचे?" यामिर्काने डोळे बारीक केले. चपला विकणाऱ्या बाईला कोणी फुकट काही सोडत नाही हे माहीत असतं. "आणि तुम्हाला?"

"मला मागचं. भिंत घालून. माझं वेगळं दार, बोळातून."

यामिर्का सगळीकडे फिरली, नखाने भिंत खरवडली, गळतीखाली उभी राहून वर बघितलं. "अठरा."

"एकोणीस, आणि भिंतीच्या विटा तुझ्या."

"साडेअठरा, विटा माझ्या, सिमेंट तुमचं."

"बरं. पण झाड माझ्याकडे."

अंगणात अवाकाडोचं मोठं झाड होतं, आणि यामिर्काला अंगणात तेलाचे डबे ठेवायचे होते. त्यावर पाऊण तास गेला. एलिसेओ मध्येच म्हणाला, की झाड त्याने लावलंय. दोघीही त्याच्यावर ओरडल्या. शेवटी ठरलं, की खोड निएवेसकडे, आणि भिंतीपलीकडे पडेल ते फळ यामिर्काचं. मी खडूने जमिनीवर रेघ ओढायला वाकलो तर निएवेस माझ्या मागे उभी. "इंजिनिअर, अजून पुढे. अजून. हां, तिथे." मी ओढली रेघ. मग बघितलं तर तिने बरोबर ती खिडकी आपल्याकडे घेतली होती जिच्यातून सकाळी आठ ते दहा ऊन येतं. अकरा आठवडे ती नुसता घेवडा निवडत नव्हती.

चाळीत पुन्हा मतं पडली. पुढचा भाग जास्त किमतीचा, म्हणून निएवेस मूर्ख. मागचा भाग फुकटात मिळाला, म्हणून निएवेस चोर. मूर्ख म्हणणारे आणि चोर म्हणणारे एकाच ओट्यावर शेजारी बसायचे आणि एकमेकांना माना डोलवायचे. कायद्याने दोन घरं ठेवता येत नाहीत, म्हणून चाळीतली खोली तिने एका नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला दिली. खरंखुरं लग्न, तिने दोनदा विचारून खात्री केली. बदल्यात त्यांच्याकडून विजेवर चालणारी स्कूटर घेतली. वीज नसते, त्यामुळे स्कूटर चालत नाही. तिच्यावर ती कपडे वाळत घालते.

सह्या आणि घटस्फोट एकाच दिवशी झाले. बासुल्तोबाईंनी यावेळी नोंदवहीत नोंद होईपर्यंत कोणालाही उठू दिलं नाही. बाहेर आल्यावर एलिसेओने निएवेसच्या गालाचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "बायको म्हणून तू वाईट नव्हतीस."

"नवरा म्हणून तू महाग पडलास," ती म्हणाली. "तिकडे पोचलास की कळव. आणि मोजे घालत जा."

तो विमानतळावर गेला तेव्हा विमानवाल्यांनी ट्यूबासाठी वेगळं तिकीट मागितलं. यामिर्काने तो चार हजार पेसोंना घेतला आणि दुकानाच्या दारावर टांगला. त्यात आता चिमण्या राहतात.

निएवेस मागच्या खोलीत राहायला लागली. न्हाणीघर दुरुस्त केलं, त्याला तीन महिने आणि सहा शिव्याखाऊ प्लंबर लागले. छपराची गळती तशीच आहे. पाऊस आला की ती पलंग सरकवते. मी एकदा म्हटलं, थंडावा आहे ना. तर तिने मला टोपलं फेकून मारलं.

या जानेवारीत एलिसेओचा फोन आला. मी तिथेच होतो. सारागोसात असा वारा सुटतो म्हणे, की टोपीबरोबर डोकंही जायचं. मुलीचं घर चौथ्या मजल्यावर, शेजाऱ्यांना शिट्टीसुद्धा खपत नाही, आणि जावई पाच वाजता जेवायला वाढतो. तो बराच वेळ हे सगळं सांगत राहिला. निएवेस 'हं, हं' करत होती आणि दुसऱ्या हाताने भात ढवळत होती.

शेवटी तो म्हणाला, "निएवेस, ऐक. भाव अजून उतरलेत म्हणे तिकडे. एखादी खोली बघ ना. तळमजला. शेजारी बहिरे असले तर उत्तम."

"पाच टक्के दलाली."

"अगं, मी तुझा नवरा होतो!"

"म्हणूनच आगाऊ घेईन."

शनिवारी तिने मला त्याच्यासाठी खोली बघायला सान्तोस सुआरेस भागात नेलं. तळमजल्यावर एका शिंपिणीची खोली होती, भाव बरा. निएवेस स्वयंपाकघरात गेली, खिडकी उघडली, समोर हातभर अंतरावर शेजाऱ्याची भिंत होती. तिने हात बाहेर काढून भिंतीला टेकवला.

"इथे ऊन कधी येतं?" तिने शिंपिणीला विचारलं.

"येतं की, उन्हाळ्यात थोडं," शिंपीण म्हणाली.

"चल, इंजिनिअर," निएवेस म्हणाली. "सोमवारी लुयानोतली बघू. तिथला शेजारी खरंच बहिरा आहे, मी जाऊन ओरडून आलेय."